जामीनदाराचा रकाना

फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर आहे, हे मी गरज नसतानाही लोकांना सांगायचे. बोरिवली पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर, हॉल, एक खोली आणि स्वयंपाकघर. अडतिसाव्या वर्षी कर्ज काढून घेतला. भाऊ म्हणाला होता, "एकटीला कशाला एवढं? नाकापेक्षा मोती जड व्हायचा." मी म्हटलं, नाकही माझं आणि मोतीही माझा, तुला कशाला शिंका येतायत? वास्तुशांतीला जोडपं बसवायचं असतं म्हणून गुरुजींनी त्याला आणि वहिनीला पाटावर बसवलं. घर माझं आणि संकल्प त्यांच्या हातून. मी मागे उभी राहून फुलं पुढे करत होते. त्यानंतर तो फारसा आला नाही आणि मीही बोलावलं नाही.

तेव्हा मी एका सहल कंपनीत होते. लोकांची काश्मीर-केरळची तिकिटं, कोणाला खिडकी हवी, कोणाला जेवणात कांदा-लसूण नको, असलं सगळं बघायचे. लॉकडाऊनमध्ये सहली थांबल्या, मग कंपनीच थांबली. पुढे एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात लागले, निम्म्या पगारावर. घराचे हप्ते आधी उशिरा जाऊ लागले, मग जायचे बंद झाले. कर्ज देणाऱ्या कंपनीतून फोन यायचे. फोनवरची मुलं सुरुवातीला मला मॅडम म्हणायची, मग ताई म्हणू लागली, मग नुसतंच "हे बघा". त्यांच्याशी मी रोज भांडायचे. कधीकधी दिवसभरात माझं घरातलं बोलणं तेवढंच व्हायचं.

शेवटी मी कंपनीच्या अंधेरीच्या शाखेत गेले. हप्ता कमी करून मुदत वाढवून मिळते, असं कोणीतरी सांगितलं होतं. समोरचा अधिकारी तिशीचा, सौम्य बोलणारा होता. त्याने माझी फाइल पाहिली, नवीन पगाराची पावती पाहिली आणि म्हणाला, "करता येईल ना मॅडम. फक्त या पगारावर एकटीच्या नावाने नाही होणार. जामीनदार आणा एक. पगारदार पाहिजे, नोकरी पक्की. मिस्टर?"

"नाहीत."

"भाऊ, बहीण? मैत्रीण असली तरी चालेल."

"कोणी नाही," मी म्हणाले.

त्याने पेन खाली ठेवलं. "असं कसं मॅडम? कोणीतरी असेलच ना."

मी फॉर्म माझ्याकडे ओढला आणि जामीनदाराच्या रकान्यात आडवी रेघ मारली. सही करून परत दिला.

हे समजण्यासाठी आमचं घर समजायला हवं. माझे वडील एकदा ऑफिसातल्या मित्राला जामीन राहिले होते. मित्र फिरकलाच नाही, आणि त्याचे हप्ते वडिलांच्या पगारातून कापले जायचे. माझं शाळेचं बरंचसं आयुष्य त्या कपातीत गेलं. घरात तो शब्द शिवीसारखा झाला होता. वडील म्हणायचे, जामीन राहू नये, आणि कोणाला राहायला सांगू तर मुळीच नये, सांगणं म्हणजे त्याच्या पोरांच्या ताटातलं मागणं. आईचं आपलं वेगळं, झाकली मूठ सव्वा लाखाची. या दोघांच्या शिकवणीवर मी वाढलेली. त्या अधिकाऱ्याला मी हे काय सांगणार होते? घरी आले, भात लावला आणि उभ्यानेच जेवले.

माझ्या अर्जाचं काही झालं नाही. साठ दिवसांची नोटीस आली, ते दिवसही गेले. एका संध्याकाळी क्लासवरून परत आले तर दारावर ताबा नोटीस चिकटवलेली. खळ चांगली जाड लावली होती, कडांना अजून ओली होती. मी बॅगही खाली न ठेवता आत जाऊन गरम पाणी आणि स्टीलची पट्टी घेतली आणि खरवडायला बसले. कागद निघाला, त्याबरोबर दाराचं पॉलिशही निघालं. समोरचं दार बोटभर उघडलं आणि पुन्हा हळूच लागलं.

समोर राहायची ती महापालिकेच्या दवाखान्यात नर्स होती. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, ईस्ट इंडियन, म्हणजे इथलीच मराठी बोलणारी ख्रिश्चन, माहेर गोराईचं. नवरा गेलेला, मुलगी दुबईला. आम्ही एकमेकींना अगं-तुगं करायचो, पण जिन्यात. तिच्या घरात मी नऊ वर्षांत चार वेळा गेले असेन.

मग शाखेतून फोन आला की नियमाप्रमाणे ही नोटीस दोन पेपरांत छापावी लागते, एक इंग्रजी आणि एक मराठी, दोन-तीन दिवसांत येईल. इंग्रजीची मला फिकीर नव्हती, तो पेपर आमच्याकडे कोणी घेत नव्हतं. पण तो मराठी पेपर आमच्या विंगमध्ये सात घरी यायचा. पेपरवाला सहाच्या सुमाराला सेफ्टी डोअरच्या जाळीत खोचून जायचा.

तिसऱ्या दिवशी नोटीस आली. सातव्या पानावर, शब्दकोड्याच्या बरोबर खाली. माझं पूर्ण नाव, फ्लॅटचा नंबर, बिल्डिंगचं नाव, आणि "जनतेस सावध करण्यात येते की" वगैरे. मी गाऊनवर ओढणी घेतली आणि बाहेर पडले. पाचव्या मजल्यापासून सुरुवात केली. जाळीतून पेपर काढायचा, मधलं पान ओढायचं, होता तसा घडी करून पुन्हा खोचायचा. सत्तेचाळीस वर्षांची बाई, आणि शेजाऱ्यांच्या दारातून पेपर चोरतेय. लाज वाटत होती, आणि खोटं कशाला बोलू, थोडी मजाही येत होती. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा आपल्या हातात काहीतरी आहे असं वाटलं.

दुसऱ्या मजल्यावर नर्स भेटली. नाइट ड्युटी करून वर येत होती.

"काय गं, लवकर उठलीस?"

"हो. झोप नाही लागली."

तिने माझ्या काखेतल्या कागदांकडे पाहिलं. "चहा टाकते. येतेस?"

"नको, घाई आहे," मी म्हणाले. त्या वेळी मला कसली घाई होती ते मलाच माहीत.

दहाच्या सुमाराला सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चौथ्या मजल्यावरच्या निवृत्त काकांचा मेसेज आला. आज त्यांच्या पेपरात शब्दकोडं नाही, आणखी कोणाला तसाच अनुभव आला का? दोघांनी "आमच्याकडेही नाही" लिहिलं. पेपरवाल्याला धारेवर धरायचं ठरलं. तेवढ्यात बी विंगमधल्या एका भल्या बाईंनी आपल्या पेपरातल्या त्या पानाचा फोटो काढून टाकला. अख्ख्या पानाचा. सोबत लिहिलं, घ्या काका, सोडवा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सात घरांपासून लपवायला गेले आणि दोन्ही विंगमधल्या सगळ्यांच्या हातात मी स्वतः पोचले.

दहा मिनिटांनी त्यांनी फोटो डिलीट केला. त्यानंतर ग्रुपवर दिवसभर कोणी काही लिहिलं नाही. वाढदिवस होता एका मुलाचा, त्याला शुभेच्छाही संध्याकाळी आल्या.

पुढचे दोन महिने मला एकाही माणसाने एक अक्षर विचारलं नाही. सेक्रेटरी जिन्यात भेटले तर टाकी धुण्याबद्दल बोलले. काका भेटले, मान हलवून बाजूला झाले, मला आधी जाऊ दिलं. सगळे इतके सभ्य होते की माझा जीव गुदमरायचा. कोणीतरी विचारावं असं मला वाटत होतं, आणि विचारलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. दोन्ही खरं आहे. रात्री जेवताना मी टीव्ही मोठ्याने लावू लागले, बाहेर कोणाला वाटावं की घरात बोलणं चाललंय.

लिलावापर्यंत जाऊ द्यायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं. कंपनीच्या परवानगीने गिऱ्हाईक शोधलं. नवं लग्न झालेलं जोडपं होतं. मुलीने स्वयंपाकघराच्या खिडकीत उभं राहून विचारलं, "इथे ऊन येतं का हो?" येतं म्हटलं, सकाळी. तिच्यावर रागवायचं मी मनाशी ठरवून ठेवलं होतं, ते जमलं नाही. मंगळवारी नोंदणी झाली. आलेल्या पैशांतून कर्ज फिटलं आणि भाड्याच्या खोलीच्या अनामतीपुरतं हातात राहिलं. खोली मी मुलुंडला बघितली, तिथे मला कोणी ओळखत नव्हतं.

शुक्रवारी सामान गेलं. टेम्पो निघाल्यावर मी झाडू मारत होते तेव्हा नर्स आली. युनिफॉर्ममध्ये, हातात डबा. "फुग्या केल्यात. उभ्याने खा, बसायला काही ठेवलं नाहीस." आम्ही ओट्याला टेकून खाल्ल्या. तळलेल्या, पावासारख्या मऊ, अजून गरम होत्या. मग तिने खांद्यावरच्या पिशवीतून एक प्लास्टिकचं फोल्डर काढून ओट्यावर ठेवलं.

"काय आहे?"

"बघ ना."

तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या. आधार आणि पॅनची झेरॉक्स, प्रत्येक पानावर तिची सही. दोन फोटो. दवाखान्याचा नोकरीचा दाखला, शिक्क्यासकट.

"तुझ्या कंपनीचा माणूस आला होता चौकशीला," ती म्हणाली. "दारावर नोटीस लागायच्या बऱ्याच आधी. तू कामावर होतीस. मला म्हणाला, यांना जामीनदार मिळत नाहीये. मी म्हटलं, मी राहते ना. माझी सर्व्हिस अजून नऊ वर्षं आहे. तर म्हणे, तसं नाही चालत, त्यांनी तुमचं नाव द्यायला पाहिजे. मग मी कागद करून ठेवले. म्हटलं, विचारेल आज ना उद्या."

"मला बोलली का नाहीस?"

"तुला ओळखते ना गं मी. आपणहून बोलले असते तर तू दार लावून घेतलं असतंस. लावलं असतंस ना?"

"लावलं असतं."

"मग? बेल वाजली की वाटायचं, तूच. दूधवाला असायचा."

मला तिचा राग आला. एक बेल दाबायची होती, दोन पावलांवर, आणि ही बाई महिनोन् महिने कागद घेऊन दाराआड बसून राहिली. मग कळलं की बेल तिने नव्हती दाबायची. त्या रेघेखाली सही कोणाची आहे, ते मला चांगलं ठाऊक होतं. मी नळ सोडून हात धुतले, तोंडही धुतलं.

"आता काय करू याचं?" थोड्या वेळाने तिने फोल्डरकडे बघत विचारलं.

"फाडून टाक," मी म्हणाले. "तुझी सही आहे त्यावर. कोणाच्या हाती लागायला नको."

तिने एकेक कागद काढला आणि ओट्याशी उभी राहून फाडला. दोन्ही फोटोसुद्धा. घरात केराचा डबाही उरला नव्हता, म्हणून तुकडे तिने रिकाम्या डब्यात भरले, झाकण लावलं आणि ड्युटीला गेली.