जादाची कळशी

नऊ वर्षं मी एका खासगी दवाखान्यात नर्स होतो. पुरुष नर्सला आपल्याकडं ब्रदर म्हणतात. माझे वडील सिल्लोडकडच्या गावात राहायचे. ते पाहुण्यांना "पोरगा दवाखान्यात असतो" एवढंच सांगायचे आणि विषय मक्याच्या भावावर न्यायचे. पुढं मी नोकरी सोडून जुना ट्रक घेतला आणि त्यावर पाण्याची टाकी बसवली. तेव्हा मात्र त्यांना माझ्या ब्रदर असण्याचा एकाएकी अभिमान वाटायला लागला. "शिकूनसवरून डायवर झालं," असं ते पारावर सांगत फिरले. त्यांना खूश करणं मला दोन्ही वेळा जमलं नाही.

आजारी माणसांचा मला कधी कंटाळा आला नव्हता. रात्रपाळ्यांचाही नाही. कंटाळा आला होता तो विचारणाऱ्यांचा. अतिदक्षता विभागाचं दार ढकलून बाहेर पडलं की बाकावरची चार माणसं उठून उभी राहायची. "ब्रदर, कसं आहे?" मी डबा खायला निघालेला असो की बाथरूमला, ते माझ्या तोंडाकडं बघायचे आणि आपल्या माणसाचं काय होणार याचा अंदाज बांधायचे. नऊ वर्षं मी तोंड सांभाळलं. मग सांभाळवेना. क्रांती चौकात सिग्नलला उभा असताना एकदा शेजारच्या स्कूटरवाल्यानं नुसतं "किती वाजले?" विचारलं, तर मी त्याच्यावर खेकसलो. त्या महिन्यात राजीनामा दिला.

ती लागोपाठच्या दुष्काळाची वर्षं होती. गावात पाणी नाही म्हणून माणसं शहरात येत होती आणि शहरात येऊन टँकरची वाट बघत होती. मी मुकुंदवाडीत राहायचो. स्टेशनच्या पलीकडं बघावं तिकडं प्लॉट पडत होते. गुंठ्यागुंठ्यानं विकलेल्या जमिनीवर आधी पत्र्याची खोली उभी राहायची, मग विजेची तार यायची. नळ कधी येणार ते कुणी विचारतही नव्हतं. टँकरवाल्याला कामाची ददात नव्हती. सकाळी पाणी भरायच्या रांगेत गाडी लावायची, टाकी भरली की वस्तीवर जायचं, पाइप सोडायचा आणि परत यायचं. मालक मीच, ड्रायव्हर मीच. टाकीतल्या पाण्याचे नातेवाईक बाहेर बाकावर बसलेले नसतात, हे मला फार बरं वाटायचं.

पहिल्या वस्तीत मी एक चूक केली. आपण आधी ब्रदर होतो हे बोलून गेलो. आठ दिवसांत लोक कॅरीबॅगेत एक्स-रे घेऊन केबिनपाशी यायला लागले. कुणाला इंजेक्शन टोचून हवं, कुणाला बापाचा रिपोर्ट वाचून हवा. पाइप एका हातात आणि दुसऱ्या हातात कुणाचीतरी नाडी. मी ती वस्ती सोडली, दुसरी धरली, आणि तिथं तोंड बंद ठेवायचं असं स्वतःला बजावलं.

या दुसऱ्या वस्तीत दर तिसऱ्या दिवशी टँकर जायचा. गल्लीत निळे ड्रम ओळीनं उभे असायचे, प्रत्येकावर ऑइलपेंटची वेगळी खूण. ड्रम म्हणजेच नंबर. माणूस कामावर गेलं तरी ड्रम रांगेत उभा असायचा आणि त्याला कुणी हात लावायचं नाही. घरात मयत झाली तर दहाव्यापर्यंत त्या घराचा ड्रम जागेवरच पालथा घालून ठेवायचे. तेवढे दिवस शेजारपाजारचे आपल्यातलं पाणी त्यांना द्यायचे आणि पालथ्या ड्रममुळं नंबरही जायचा नाही. हा कायदा कुणी लिहिला नव्हता, पण मोडलेला मी कधी पाहिला नाही.

रांगेत शेवटचा ड्रम एका म्हातारीचा होता. मेंढरं विकून शहरात आलेलं घर. मुलगा कंपनीत जायचा, सून बांधकामावर, म्हणून ड्रमपाशी म्हातारी. आधी ती उभी राहायची. मग पालथ्या बादलीवर बसायला लागली. मी पाइप ओढत तिच्यापाशी पोचेपर्यंत माझी नजर तिच्या पायांवर गेलेली असायची. पाय सुजलेले. घोट्यापाशी बोट दाबलं असतं तर खड्डा राहिला असता, हे मला न दाबता कळत होतं. बोलताना एका वाक्यात दोनदा थांबायची.

"झोप नाय बघ लेकरा," ती एकदा म्हणाली. "आडवं झालं की दम कोंडतो. भितीला टेकून बसते रातभर."

वॉर्डात असं वाक्य ऐकलं की आम्ही ताबडतोब डॉक्टरला फोन करायचो. हृदय थकलेलं होतं तिचं. दवाखान्यात नेलं असतं तर गोळ्यांवर तिची आणखी काही वर्षं निघाली असती. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की मावशी, आजच्या आज सरकारी दवाखान्यात जा. मी म्हणालो, "आराम करा मावशी."

का नाही बोललो, याची सबब माझ्याकडं तेव्हा तयार होती. बोललो असतो तर तिनं विचारलं असतं, तुला कसं ठाऊक. मग संध्याकाळी मुलगा वाट अडवून उभा राहिला असता, भाऊ, काय झालंय आईला, वाचल ना. पुन्हा तो बाक आणि ती माणसं. नको वाटलं मला. खरंच नको वाटलं. मी भित्रा नव्हतो, थकलेलो होतो, असं मी कित्येक दिवस स्वतःला सांगत आलो.

पण मन खात होतं. म्हणून तिचा ड्रम भरला की टाकीच्या तळाशी उरलेल्या पाण्यातून मी तिला एक कळशी जादा द्यायला लागलो. शेवटचा नंबर असल्यामुळं कुणाची हरकत नव्हती. दुष्काळात कुणाला याहून जास्त काय द्यायचं असतं? म्हातारीला संकोच वाटायचा, मग सवय झाली. कळशी आधीच घासूनपुसून आणून ठेवायची. मला बघून हसायची. मला वाटायचं, चला, फिटलं आपलं.

दोनेक महिने असे गेले. एका दुपारी कळशी भरत असताना ती म्हणाली, "तुझ्या जिवावर आता पोटभर पाणी पिते बाबा. आधी सुनंला पुरावं म्हणून घोट घोट प्यायची."

माझ्या हातातला पाइप तसाच वाहत राहिला. अशा रोग्याच्या अंगात जादाचं पाणी साठतं आणि थकलेल्या हृदयावर ताण येतो, म्हणून त्याच्या खाटेवर आम्ही पाटी लावायचो. दिवसाचं पाणी मोजून, त्याहून घोटभर जास्त नाही. मी स्वतः किती पाट्या लिहिल्या असतील. तिच्या चेहऱ्यावरही आता सूज चढली होती आणि मी तिला कळशीनं पाणी पाजत होतो.

तेव्हा तरी बोलायचं होतं. पुढच्या खेपेला सांगू, मुलाला गाठून नीट सांगू, असं ठरवून मी गाडी काढली.

पुढच्या खेपेला रांगेत शेवटचा ड्रम पालथा होता.

मी बाकीचे ड्रम भरले. दहावं उरकल्यावर सून रांगेत आली. ड्रम सुलटा केला होता, आणि शेजारी तीच कळशी, घासलेली.

"आत्याबाई लई नाव काढायच्या तुमचं," ती म्हणाली. "डायवर भाऊ सोताच्या आईसारखं बघतो म्हणायच्या."

"दवाखान्यात नेलं होतं?" मी विचारलं.

"नाय. वय झालतं, दम लागायचाच. आमाला अडाण्याला काय कळतंय त्यातलं?"

तिथं गप्प बसलो असतो तर सगळं निभावलं असतं. तिचा माझ्यावर राग नव्हता आणि कधी झालाही नसता. पण मला ते ऐकवेना. मी पाइपची तोटी बंद केली.

"मला कळत होतं," मी म्हणालो. "मी नऊ वर्षं दवाखान्यात नर्स होतो. पहिल्या दिवशीच कळलं होतं मला. अन् पाणीही जास्त प्यायचं नव्हतं त्यांनी."

ती ओरडेल, चार माणसं गोळा करेल, असं वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"मंग बोलला का नाय?" एवढंच तिनं विचारलं, अगदी हळू.

थकलो होतो, हे बांधकामावरून उन्हात चालत आलेल्या बाईला कसं सांगणार?

तिनं कळशी उचलली, रिकामीच, आणि घरात नेऊन ठेवली. मग परत येऊन ड्रमपाशी उभी राहिली, तो भरून होईपर्यंत.

नळ येईस्तोवर पुढं दोन वर्षं मी त्या गल्लीत पाणी टाकलं. त्यांच्या हक्काचा ड्रम दर वेळी भरून घेतला त्यांनी. कळशी मात्र पुन्हा कधी बाहेर आली नाही.