फुटलेल्या टोळीचा अंक

माझे वडील माझगावच्या गोदीत कारकून होते. परदेशी बोटींवरचे अधिकारी जाताना कधीकधी वाचून झालेली मासिकं त्यांच्या टेबलावर ठेवून जात. वडिलांना त्यांत रस नव्हता, पण छापलेला कागद टाकून देणं त्यांच्या जिवावर येई, म्हणून ती बाडं गिरगावात आमच्या घरी येत आणि आई त्यांतली गुळगुळीत पानं फडताळात अंथरायला काढून घेई. संयुक्त महाराष्ट्राचं नक्की झालं होतं, राज्य मात्र अजून व्हायचं होतं, त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी मला कांजिण्या आल्या. मी दहा वर्षांची होते. आतल्या खोलीत, कडुलिंबाच्या पाल्यावर मला निजवलं होतं. त्याच आठवड्यात वडिलांनी आणलेल्या बाडात एक अमेरिकन चित्रकथेचं पुस्तक निघालं.

वरच्या पानावर रंगीबेरंगी कपड्यांतली माणसं ओळीने उभी होती. कोणाच्या अंगावर झगा, कोणाच्या तोंडावर मुखवटा. मला इंग्रजी येत नव्हतं. आई मात्र लग्नाआधी मिशनच्या शाळेत शिकलेली. दुपारची कामं आटोपली की ती माझ्याशेजारी बसून ते पुस्तक मराठीत सांगायची. वाचता वाचता तिचं मराठी अगदी घरचं होऊन जाई. "हा म्हणतो, अरे मेल्या, सोड त्याला," असं ती म्हणाली की मी खाजही विसरायची.

गोष्ट अशी होती. अचाट शक्ती असलेल्या लोकांची एक टोळी पूर्वी होती. मग काहीतरी झालं आणि ती फुटली. जो तो आपापल्या वाटेने गेला. कोणी दीपगृहावर राहायला लागला, कोणी कारखान्यात नोकरी धरली, एकाच्या तर कानशिलावर केस पांढरे झाले. बऱ्याच वर्षांनी संकट येतं, तेव्हा त्यांच्यातली एक बाई प्रत्येकाच्या दारी जाते आणि त्यांना परत गोळा करते.

ती बाई दारोदार फिरते त्या पानावर आई थांबली.

"पुढे?" मी म्हटलं.

"थांब जरा." तिने ते पान पुन्हा मनाशी वाचलं. मग मला विचारलं, "हे लोक इतकी वर्षं बोलत नव्हते, आणि ही नुसती दारात जाऊन उभी राहिली. लगेच आले?"

"एक जण नाही म्हणाला ना आधी. दार लावून घेतलं त्याने."

"हो, पण नंतर आलाच की," आई म्हणाली, आणि पुढचं पान न उलटताच चहा टाकायला उठली.

तो अंक त्या प्रकारच्या पुस्तकांत मैलाचा दगड मानतात, त्याच्यामुळे एक मेलेली टोळी पुन्हा जिवंत झाली आणि पुढे वर्षानुवर्षं चालली, हे मला माझ्या नातवाने अलीकडे सांगितलं. आमची प्रत चाळीतल्या पोरांच्या हातांत फिरली आणि परत आली नाही. मला त्याचं काही वाटत नाही. मला आठवतात ते पुस्तक ऐकल्यानंतरचे दोनतीन दिवस. पोळ्या लाटताना मध्येच आईचं लाटणं थांबायचं.

आई धरून ती चार भावंडं. मोठा मामा सचिवालयात अधिकारी, शिवाजी पार्कला राहायचा. त्याच्या पाठची आई. मग मावशी, ती परळच्या एका इस्पितळात नर्स होती, लग्न केलं नव्हतं. आणि धाकटा मामा, लालबागला गिरणी कामगारांच्या वस्तीत एका खोलीत राहून तिथल्याच शाळेत शिकवणारा. चारेक वर्षांपूर्वी, संयुक्त महाराष्ट्राचे मोर्चे आणि गोळीबाराच्या दिवसांत, धाकटा मामा फोर्टात मोर्चात होता. पोलिसांच्या लाठीने त्याचं उजवं मनगट मोडलं. मोठा मामा त्याला बघायला इस्पितळात आला, आणि खाटेपाशी उभा राहून म्हणाला, "सरकारी माणसाच्या भावाने दगड मारायला जावं?"

"मी दगड मारला नाही, दादा."

"तिथे उभा होतास ना?"

"होतो. तू कुठे उभा होतास?"

हे मला मावशीने पुढे सांगितलं. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद झालं. भाऊबीजेला मोठा मामा सकाळी यायचा आणि धाकटा दिवेलागणीला. आई दोनदा तबक लावायची, दोनदा रांगोळी काढायची. सकाळच्या रांगोळीवर पाय पडलेले असायचे, ती पुसून नवी. मला लहानपणी वाटायचं, भाऊबीज दोनदाच असते.

माझा ताप उतरला तशी आई मला शेजारणीच्या हवाली करून ट्रामने दादरला गेली. येताना परळला उतरून मावशीला भेटली, लालबागला उतरून धाकट्या मामाला. रात्री जेवताना तिने वडिलांना सांगितलं, "रविवारी माझ्या भावंडांना जेवायला बोलावलंय."

वडिलांचा घास हातातच राहिला. "दोघांनाही? एकदम?"

"एकदम."

"दादांना सांगितलंस, धाकटा येणार म्हणून?"

"नाही. त्याने विचारलं, कोण कोण आहे. मी म्हटलं, मी आहे."

"आणि धाकट्याला?"

"त्याला खरं सांगितलं. तो म्हणाला, मग मी येत नाही. मी म्हटलं, बरं, तुझं पान वाढून ठेवते."

वडिलांनी घास परत ताटात ठेवला. मग म्हणाले, "नाही आले तर?"

"तर सुरमई तुम्ही खा," आई म्हणाली. पण तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

रविवारी सकाळपासून ती ओट्यापाशी होती. सुरमईच्या तुकड्या मसाला लावून ठेवल्या, खोबरं वाटलं. मात्र बिरड्याचे मोड आलेले वाल तिने सोलले नाहीत. भलीमोठी परात भरून, कोमट पाण्यात तसेच ठेवले. मी विचारलं तर म्हणाली, "राहू दे."

मोठा मामा आधी आला. इस्त्रीचा सदरा, सोनेरी काड्यांचा चष्मा. मला बघून म्हणाला, "अरे वा, अंगभर ठिपके!" मागोमाग मावशी आली, रात्रपाळी करून तशीच. तिने माझी हनुवटी धरून खपल्या बघितल्या आणि म्हणाली, "आम्हा चौघांना एकदमच आल्या होत्या. एका गादीवर आडवे घातले होते आईने. आठवतं, दादा?" मोठ्या मामाने नुसती मान हलवली.

आईने बाहेरच्या खोलीत परात आणून मध्ये ठेवली.

"हे काय गं बायो, अजून सोलायचेत?" मोठा मामा म्हणाला. आईला 'बायो' म्हणणारा तो एकटाच.

"हात कमी पडले रे. बसा थोडे."

तो हसला, चष्मा पुसला, बाह्या सरसावून जमिनीवर मांडी घालून बसला. सचिवालयातला माणूस वाल सोलायला बसलेला बघून मला गंमत वाटली. वाल चिमटीत धरून दाबला की सालातून दाणा बाहेर उडतो. त्याचा हात चांगला सराईत होता.

जिन्यावर चपलांचा आवाज आला तेव्हा आईने वर पाहिलं नाही. धाकटा मामा दारात येऊन थांबला. खादीचा झब्बा, खांद्यावर झोळी, पायांत चपला. मोठ्या मामाचे हात थांबले. तेवढ्यात मावशी सरकली आणि तिच्या शेजारची जागा हाताने झटकून म्हणाली, "ये. इथे बस."

धाकटा मामा बराच वेळ उभा राहिला असं मला वाटलं. मग त्याने चपला काढल्या, झोळी खुंटीला अडकवली आणि परातीशी येऊन बसला. आता चौघं गोल बसली होती आणि मी आईच्या पाठीला टेकून. वाल सोलल्याचा बारीक आवाज तेवढा येत होता. मोठा मामा मावशीला म्हणायचा, "तिकडे लालबागला नळाला पाणी येतं का?" आणि धाकटा मामाही मावशीलाच उत्तर द्यायचा, "येतं म्हणावं."

धाकट्या मामाचं मनगट वाकडं जुळलं होतं. उजव्या हाताची चिमूट नीट बसायची नाही. दाणा निसटायचा, पुन्हा पाण्यात पडायचा, तो पुन्हा उचलायचा. डाव्या हाताने बघितलं, तेही जमेना. आम्हाला त्याची सवय होती. मोठ्या मामाने मात्र तो हात इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिला असावा. तो सोलायचा थांबला. बघत राहिला. मग पुढे वाकून त्याने धाकट्या मामाच्या पुढ्यातले वाल ओंजळीने आपल्याकडे ओढले.

"दे इकडे," तो म्हणाला.

धाकट्या मामाने हात मागे घेतला. मान खाली. मोठा मामा भराभर सोलत होता, आणि त्या घाईत एक दाणा असा सुटला की थेट मावशीच्या कपाळावर जाऊन बसला.

"पळाला!" आई, मावशी आणि धाकटा मामा तिघंही एकदम ओरडली.

लहानपणचा त्यांचा हा नियम होता म्हणे. ज्याचा दाणा पळेल त्याने उठून भिंतीला तोंड करून कोंबड्यासारखं आरवायचं. मला ते ठाऊक नव्हतं, म्हणून सचिवालयातला माझा मामा गुडघ्यावर हात टेकत उठला, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि खरंच आरवला, तेव्हा मी घाबरून आईला घट्ट धरलं. आई हसत होती. हसता हसता उठली, "मासे करपतील," म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. स्टोव्ह पेटवलेलासुद्धा नव्हता. मी मागून गेले तर ती ओट्याला टेकून पदराने तोंड दाबून उभी होती.

जेवताना मोठ्या मामाने विचारलं, "दुखतो का?"

"पावसाळ्यात दुखतो. लिहायला डाव्या हाताने शिकलो."

"बरं केलंस." मग मोठा मामा म्हणाला, "राज्य होतंय. तुमच्या मनासारखं झालं आता."

"तुमच्या म्हणजे? त्या राज्याच्या कचेरीत तूच बसणार आहेस."

मला वाटलं, आता पुन्हा जुंपणार. पण मावशीने दोघांच्या पानांत बिरडं वाढलं आणि म्हणाली, "मी रात्रभर उभी आहे. मला शांतपणे जेवू द्या." दोघं मुकाट जेवले. मोठ्या मामाने भात दुसऱ्यांदा मागून घेतला.

संध्याकाळी आई त्यांना ट्रामपर्यंत पोचवायला गेली. मला बाहेर जायला बंदी होती, म्हणून मी गॅलरीतून बघत होते. चौघं रस्त्याने चालली होती, मावशी बोलतेय, बाकीची तिघं तिच्याकडे वाकून ऐकताहेत. कोपऱ्यावर वळली आणि दिसेनाशी झाली. आई परत आली तेव्हा अंधार पडला होता. वडिलांनी विचारलं, "एवढा वेळ?" ती म्हणाली, "ट्राम येत होत्या. आम्ही सोडत होतो."

त्या दिवाळीत तिने तबक एकदाच लावलं. पण तेव्हा मावशी नव्हती. इंग्लंडमध्ये नर्सांना मागणी होती, ती पावसाळ्यात बोटीने निघून गेली होती. आईने धक्क्यावर तिला विचारलं होतं, "कधी येशील?" आणि ती म्हणाली होती, "येईन गं, काय घाई आहे." दोन्ही मामा आता एकमेकांकडे जात, वाद घालत, रुसत आणि आठवड्याने पुन्हा भेटत. आई खूश असायची, तरी पान वाढताना हटकून म्हणायची, "ती हवी होती."

मावशी परत आली तेव्हा मी कॉलेजात होते. तिच्या येण्याच्या आधीच्या हिवाळ्यात मोठा मामा गेला, झोपेतच. त्या भांडणानंतर चौघं एकत्र बसली ती त्या एका रविवारीच.

मावशी आली त्या आठवड्यात तिघं मोठ्या मामीला भेटायला शिवाजी पार्कला गेली, सोबत मी होते. मामीने चहा केला, मामाचे फोटो दाखवले. बाहेर पडलो तेव्हा मैदानात मुलांचा क्रिकेटचा सराव चालला होता. धाकटा मामा म्हणाला, "बसू या जरा," आणि कट्ट्यावर तिघं ओळीने बसली. मावशी मधे. चेंडू बॅटीवर बसल्याचे आवाज येत होते. मग मुलांनी जाळी सोडली, स्टंप उपटले आणि ती आपापल्या घरी निघून गेली. दिवे लागले. मला भूक लागली होती, पण उठू या असं तिघांपैकी कोणीच म्हणत नव्हतं, आणि मीही म्हटलं नाही.