भिंगरीबाईंचा पंखा

भिंगरीबाई खुर्चीवर टेकलेल्या मी कधी पाहिल्या नाहीत. हजेरीसुद्धा त्या फेऱ्या मारत घेत. सत्तरच्या दशकात मी वाशीमला बी.एस्सी. करत होते, तेव्हा त्या आमच्या रसायनशास्त्राच्या डेमॉन्स्ट्रेटर. खरे नाव वेगळे होते, पण ते फक्त ऑफिसला ठाऊक. बोलताना त्यांचे उजवे मनगट आपोआप गोल फिरे, हातात फ्लास्क असल्यासारखे.

बहुतेक वेळा तो असायचाही. नागपूरला एम.एस्सी. करताना त्या लायपोसोम बनवायला शिकल्या होत्या. लायपोसोम म्हणजे लेसिथिन या स्निग्ध पदार्थाचे, डोळ्यांना न दिसणारे पोकळ गोळे, पोटात औषध धरून ठेवणारे. लेसिथिन अंड्याच्या बलकातून काढायचे आणि अंडी यायची किन्हीराजाहून, त्यांच्या आईच्या कोंबड्यांची. एकदा आई टोपली घेऊन थेट प्रयोगशाळेत आली.

"मले वाटे पोरगी अंडी खाऊन राह्यली. हे तं पाण्यात सोडून राह्यली!"

"खाल्ली असती तं जाडी झाली असती, माय," म्हणत बाई टोपली घेऊन आत पळाल्या.

त्यांना नागपूरला परत जायचे होते. तिथल्या सरांनी सांगितले होते, "चमचाभर कोणीही करतं. कारखाना चमच्यावर चालत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी बादलीभर करून दाखवा, संशोधनाची जागा तुमची." त्या जागेपायी बाईंनी दोन स्थळे नाकारली होती. भाऊ तिसरे घेऊन तयारच होता.

लहान फ्लास्कमध्ये काम जमे. लेसिथिन क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवायचे, क्लोरोफॉर्म उडेपर्यंत फ्लास्क फिरवत राहायचा, आत कांद्याच्या पापुद्र्यासारखा थर धरतो, मग कोमट पाणी घालून हलवायचे. मोठ्या फ्लास्कमध्ये थर तळाशी जाड बसे आणि पाणी घातले की नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या. मग पुस्तकातल्या दुसऱ्या कृतीप्रमाणे लेसिथिन ईथरमध्ये विरघळवून सुईने पाण्यात सोडून पाहिले. पण चैत्रातल्या वाशीममध्ये ईथर सिरिंजमध्येच उकळू लागे. बाई भडकल्या. "हे थंड्या मुलखातल्या लोकायनं लिहेल हाय!"

शेवटी ईथरऐवजी अल्कोहोल घेतले. प्रयोगशाळेतल्या टेबलफॅनची पाती काढून त्यांनी मोटरीला काचेची कांडी बांधली. ती बादलीतले कोमट पाणी घुसळत राही आणि बाई सुईतून थेंब सोडत. एरवी क्षणभर न थांबणारी ही बाई तेव्हा खांबासारखी उभी. कधी सिरिंज माझ्या हाती देत, आणि मी दट्ट्या जोरात दाबला की हातावर चापट बसे. "वतू नको, थेंब सोड. थेंबाले पसरायले जागा भेटते." आज माझ्या मलमांच्या कारखान्यात मी हेच ओरडत असते.

बादलीत निळसर झाक असलेले दुधट पाणी तयार झाले. दुसऱ्या दिवशीही तळाशी काही बसले नाही. त्यातली बरणीभर नागपूरला न्यायची होती. उन्हात माल बिघडेल म्हणून आमचे शिपाई किसनभाऊ यांनी आदल्या संध्याकाळी बरणी बर्फात पुरली आणि कुल्फीवाल्यासारखे वरून मीठ पेरले. सकाळी बरणी दगड झालेली. वितळली तेव्हा निळी झाक गेलेली, तळाशी पांढरा चोथा. बादलीतले उरलेले आम्ही आदल्याच दिवशी ओतून दिले होते.

"बाई, मीनं तं चांगल्यासाठीच..."

"काहून, कुल्फी बिघडली का?" बाई म्हणाल्या. आवाज नीट होता, पण मनगट थांबले होते. बोलताना ते थांबलेले मी प्रथमच पाहिले.

मग त्यांनी भराभर सिरिंज, सुया आणि लेसिथिनची बाटली पिशवीत भरली, बिनपात्यांचा पंखा काखेत मारला. "नमुना गेला, हात तं नाही गेले. बादली नागपुरात भेटतेच."

एस.टी.च्या दारात कंडक्टरने अडवले. "बाई, याले पातेच नाही!"

"मले हवा नाही खायची, भाऊ."

पुढच्या आठवड्यात त्या परत आल्या, पण सामान न्यायला. किसनभाऊ दूरच उभे होते. बाईच त्यांच्याजवळ गेल्या. मनगट फिरत होते.

"झालं का, बाई?"

"झालं."

"अन् कॉलेजचा पंखा?"

"तो नागपूरले कामाले लागला."

त्या वर्षीच्या प्रात्यक्षिक परीक्षा आम्ही प्रयोगशाळेच्या भट्टीत पंख्याशिवाय दिल्या. प्राचार्यांनी पंख्याची चौकशी केली, तेव्हा किसनभाऊंनी सांगितले, "दुरुस्तीले गेला, साहेब." आम्ही सगळ्या माना खाली घालून घाम पुसत राहिलो.