दुसरा साक्षीदार

वकील कोणावरही एका दमात विश्वास ठेवत नसे. अमरावतीच्या स्टँडवर ती कंडक्टरला विचारायची, "अकोल्याची गाडी हेच ना?" तो हो म्हणाला, की तेच पुन्हा शेजारच्या संत्रीवालीला विचारायची. एकदा एक कंडक्टर भडकला. "बाई, म्या कंडक्टर हाय या गाडीचा!" वकील शांतपणे म्हणाली, "हे बी तुमीच सांगून राहिले नं."

'वकील' हे नाव हॉस्टेलनं ठेवलेलं. कायद्याशी तिचा काही संबंध नव्हता, माझ्यासारखीच बी.ए.ला होती. तिला चौथीपर्यंत दिसायचं, मग हळूहळू गेलं. मला लहानपणच्या तापानंतर ऐकू येत नाही. कानातलं मशीन नुसता गोंगाट करतं, त्यामुळे मी ओठ वाचते. रेक्टरबाईंनी आम्हाला एका खोलीत टाकलं आणि म्हणाल्या, "एकीचे कान, एकीचे डोळे, झालं काम!" त्या वाक्याचा आम्हा दोघींना सारखाच राग आला. आमचं जमलं ते त्या रागातून.

पण आधी तपासणी झाली. पहिल्याच संध्याकाळी तिनं माझ्या पाठीमागे स्टीलचं ताट आपटलं आणि शेजारच्या पलंगावरच्या मुलीला विचारलं, "हिनं मान वयवली काय वं?" ती नाही म्हणाली. "मंग खरी हाय." हे मला त्या मुलीनंच मागाहून सांगितलं. मी दोन दिवस धुमसत होते. तिसऱ्या दिवशी हळूच तिच्या डोळ्यांपुढे हात हलवून पाहिला. ती म्हणाली, "हात काढ. वारा लागून राहिला."

वर्गात सर काय बोलतात ते ती माझ्या मोबाइलवर टाइप करून पाठवायची. फळ्यावरचं मी तिच्या तळहातावर बोटानं लिहायची. चौथीपर्यंतची अक्षरं तिच्या हाताला पक्की आठवत होती. तास संपला, की ती पुढच्या बाकावरच्या मुलीला विचारायची, "फयावर काय होतं वं?" माझ्या देखत! एकदा मी भांडले. "माझ्यावर विश्वास नाही तुझा?" तेव्हा ती माझ्याकडे तोंड वळवून, मला ओठ दिसतील असं सावकाश बोलली. "मले दिसेनासं झालं तवा घरचे सारे म्हणत, पुढच्या महिन्यात दिसन. दर महिन्याले म्हणत. माया करणारेच जास्त खोटं बोलतात, बाप्पा." त्यानंतर मी त्या विषयावर पुन्हा भांडले नाही.

शेवटच्या वर्षी तिला पाहायला पाहुणे येणार होते. तिनं मला अकोल्याला आपल्या घरी बोलावून घेतलं. "तिथं सारे गोड बोलतीन. हळू काय बोलतात ते तू पाय." मला मुलाच्या आईसमोर बसवलं आणि स्वतः माझ्या शेजारी बसली, पदराखाली तळहात उघडा ठेवून. आलूपोह्याच्या प्लेटा फिरल्या. मुलाची आई लेकाकडे झुकली. "आता हो म्हण. नाही जमलं तं..." एवढं मला स्वच्छ दिसलं. पुढे तिनं रुमाल तोंडाला लावला.

मी वकिलाच्या तळहातावर लिहिलं, 'आता हो म्हण. नाही जमलं तर', आणि थांबले. मग लिहिलं, 'परत आणून सोडू.'

तिनं मूठ मिटली. "मले हे जमत नाही," ती सगळ्यांसमोर म्हणाली. तिचे काका उसळले, "काहून? काय झालं?" ती म्हणाली, "हिनं आयकलं." बहिरीनं ऐकलं म्हणते, तरी कोणी हसलंसुद्धा नाही. वकिलानं त्या दिवशी दुसऱ्या कोणालाही विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

हे मला सहा वर्षं खात होतं. ते अर्धं वाक्य माझं होतं. कदाचित बाईंना म्हणायचं असेल, 'नाही जमलं तर वेगळं घर करून देऊ.' आणि त्याहून वाईट शंका अशी, की लग्न होऊन ती दूर पुण्याला जाणार होती आणि मला ती जायला नको होती.

गेल्या महिन्यात अकोल्याला गेले. ती आता तिथं बँकेत आहे, आईबरोबर राहते. चहा पिताना मी सगळं सांगून टाकलं. तिनं कप ठेवला आणि तोंड माझ्याकडे वळवलं.

"मले तवाच समजलं होतं. तुहं बोट मधातच थांबलं."

"मग माझं ऐकलंस कशाला?"

"मले नाहीच म्हणायचं होतं. घरच्याइले कारण पायजे होतं."

"म्हणजे मला वापरलंस?"

"हो," ती हसली. "अन् भरोसाही ठेवला. तू माह्या बाजूनंच लिहिशीन, हे मले पक्कं होतं."

मला इतकं हलकं वाटलं, की मी तिथंच रडले. तिनं चाचपडत माझा गाल शोधून पुसला.

परतताना अकोल्याच्या स्टँडवर गाडीवरची 'अमरावती' ही पाटी स्वच्छ दिसत होती, तरी मी एका बाईंना विचारलं. ही सवय तिचीच. गाडी हलली आणि तेवढ्यात मनात आलं, वकील खरं बोलली, की माझं मन राखायला बोलली? माया करणारेच जास्त खोटं बोलतात, असं तीच म्हणाली होती. आता हे विचारायचं कोणाला? त्या तळहातावर आम्ही दोघीच होतो.