मामांचा पहिला घास

तंजावूर न सोडता जगभरच्या पंगतींना हजेरी लावलेला, आणि तरीही अगदी परवापर्यंत घराबाहेर घासभरही न जेवलेला माणूस भूतलावर एकच असावा. ते म्हणजे माझ्या पत्नीचे मामा.

सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर मामांनी हे कार्य हाती घेतले, त्याला कारण त्यांची सहा वर्षांची नात कावेरी. ही मुलगी दहीभाताखेरीज कशालाही तोंड लावीत नसे. अशात मामांच्या मुलाला हॉलंडमध्ये नोकरी लागली. शाळेचे वर्ष संपताच मुलगा, सून आणि कावेरी यांनी निघायचे ठरले, आणि सूनबाई रडकुंडीला आल्या. "तिकडं ही उपाशी राहील हो!" मामांनी खिशातल्या चष्म्यावर हात ठेवून जाहीर केले, "जायच्या आधी हिला सगळं खायला शिकवतो. नाही जमलं तर माझी कॉफी बंद." मामांची कॉफी बंद म्हणजे कावेरी नदी उलटी वाहणे; सूनबाईंनी लगेच डोळे पुसले.

त्यानंतर दर शनिवारी संध्याकाळी इस्त्रीची वेष्टी नेसलेले मामा, कावेरी आणि शेजारची जुळी मुले रिक्षातून निघत, आणि मागून स्कूटरवर मी. "एकटं मूल जेवत नाही, माप्ळे, तीन असली की झटापट होते," असे ते मला सांगत. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तंजावुरात राहिलेले मराठी; आमच्याकडे जावयाला तमिळांप्रमाणे माप्ळेच म्हणतात. नियम दोनच होते. पहिला घास डोळे मिटून, गप्प बसून घ्यायचा. आणि दुसऱ्या घासाआधी, ज्याने रांधले त्याला एक प्रश्न विचारायचा. बर्माहून परतलेल्या कुटुंबातला एक जण जुन्या बस स्थानकाजवळ अत्तो हा तिकडचा शेवयांचा पदार्थ विकतो. त्याला जुळ्यांपैकी एकाने विचारले, "अण्णा, तुम्ही घरी रोज हेच खाता?" तो हळूच म्हणाला, "घरी इडली. बायकोला सांगू नकोस, मला हेच आवडतं." कोत्तु परोट्याच्या गाडीवर, परोटा तव्यावरच चिरणाऱ्या पात्यांचा खडखडाट ऐकून मामा मांडीवर ताल धरीत, आणि शेवटी गाडीवाल्यालाच दाद देत, "शाब्बास! आदिताळ चुकला नाही." नळीत तांदळाच्या पिठाचा पुट्टू वाफवणाऱ्या केरळच्या बाईंना कावेरीने विचारले, "पुट्टू नळीत अडकत कसा नाही?" बाईंनी तिला आत नेऊन तो तिच्याच हातांनी बाहेर ढकलायला लावला. स्वतः ढकललेला अर्धा पुट्टू कावेरीने खाल्ला. मामांनी त्या रात्री घरोघरी फोन केले.

या सगळ्यात मामा स्वतः काय खात? काही नाही. ते पिशवीतून घरचा पितळी टंबलर काढीत, त्यात कॉफी ओतून घेत आणि मुलांच्या तोंडांकडे पाहत बसत. बाहेरचे अन्न त्यांच्या वडिलांनी खाल्ले नव्हते, म्हणून त्यांनीही नाही. हे इतके स्वाभाविक वाटे, की माझ्याही कधी ध्यानात आले नाही.

शेवटच्या शनिवारी मामा म्हणाले, "आज परदेश नाही. आज आपलं घर." सराफांच्या गल्लीमागे सोने गाळणारे एक सांगलीकडचे कुटुंब राहते, तिथली ताई कारागिरांसाठी पिठले-भाकरी करते. मामांनी घरून केळीची पाने नेली होती. भाकरी पानावर पडताच ते मुलांना सांगू लागले, "आपले पूर्वज हेच जेवत. आधी तूप, मग वरून रसम..."

ताई हसून दारालाच टेकली. "अहो काका, रसम कुठलं? कांदा फोडा बुक्कीनं!"

कावेरीने ती जाडजूड भाकरी पाहिली आणि दोन्ही हात पाठीमागे नेले. सर्व शनिवारांची कमाई त्या क्षणी पणाला लागली होती. मग ती म्हणाली, "आजा, हे आपलं घरचं ना? मग तू का नाही खात?"

"मी कॉफी पितो की, पोरी."

"नाही. पहिला घास. डोळे मीट. गप्प बस."

मामांनी माझ्याकडे पाहिले. मी स्कूटरच्या किल्लीकडे पाहिले. ताईने भाकरीचा तुकडा मोडून, ठेचा लावून पुढे धरला, "घ्या की, काका." मामांनी टंबलर खाली ठेवला, डोळे मिटले आणि घास घेतला. तो ते बराच वेळ चावत राहिले. मग कावेरीने आठवण करून दिली, "आता प्रश्न!"

मामांनी ओलसर डोळे उघडले. ते ठेच्याने भरले होते की आणखी कशाने, हे विचारण्याचे धैर्य माझ्यात नव्हते. "ताई," ते म्हणाले, "आणखी एक मिळेल?"

तेव्हा कावेरीचे हात पुढे आले.

आता ती माणसे तिकडे सुखरूप आहेत. शनिवारी फोनच्या पडद्यावर कावेरी बीटाचे लालभडक सूप दाखवते आणि विचारते, "आजा, तू काय खाल्लंस?" ताट दाखवल्याशिवाय तिचा विश्वास बसत नाही, म्हणून मामा अजूनही निघतात, आणि मागून मी. जुळ्यांना शिकवणी लागली आहे. रिक्षात मामा एकटेच, पण बसतात एका कडेला. कॉफी अजून घरच्याच टंबलरातून. पहिल्या घासाला मात्र ते हल्ली जरा जास्तच वेळ डोळे मिटून राहतात. मी काही बोलत नाही. नियमच तसा आहे.