छोट्या सरांचा डूख

आमचे छोटे सर कुणालाही माफ करत नसत. हा दुर्गुण आहे असं त्यांना कुणी सुनावलं, तर सुनावणाऱ्यालाही ते मनात टिपून ठेवत. मस्कतच्या वादी कबीर भागात त्यांच्या खोलीखालच्या हॉटेलवाल्याने एकदा त्यांना ताटकळत ठेवून मागून आलेल्या गाडीवाल्या गिऱ्हाइकाला आधी चहा दिला. तेव्हापासून ते जूनच्या उन्हातही रस्ता ओलांडून पलीकडच्या हॉटेलात जात, आणि ग्लास हातात घेऊन मुद्दाम या बाजूला तोंड करून उभे राहत. "त्याला दिसाय पायजे," म्हणत.

मस्कतमधल्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजच्या फुटबॉल टीमचे ते असिस्टंट कोच, आणि मी गोलकीपर. हेड कोच म्हणजे 'बडे सर', म्हणून हे 'छोटे सर'. एरवी उंचीने बड्या सरांपेक्षा वीतभर जास्तच. मूळचे कोल्हापूरचे, तिथल्या एका तालमीच्या फुटबॉल संघाकडून खेळलेले. माझे आईवडील पुण्याचे, एवढ्यावरून माझं नाव त्यांनी 'पुणेकर' ठेवलं होतं. "पुणेकर, बॉल आला की विचार करत बसू नगंस. आधी धर. विचार पुण्याला गेल्यावर कर."

बडे सर ब्लेझर घालून प्राचार्यांच्या शेजारी बसत. टीम घडवली ती छोट्या सरांनी. घोट्यांना पट्ट्या बांधायच्या, पाण्याचे कॅन वाहायचे, आणि कडेला उभं राहून हिंदी, इंग्रजी, मोडकं अरबी अशा मिसळीत ओरडायचं. फार चिडले की उरायची ती नुसती कोल्हापुरी, आणि ती ओमानी पोरांनाही बरोबर कळायची. शुक्रवारी ते खोलीवर मटण शिजवत. आमचा सूर गावचा ओमानी स्ट्रायकर सलीम डोळ्यांतलं पाणी पुसत पुन्हा पुन्हा रस्सा मागे. "आणखी? पोट बिघडलं तर मला सांगू नगंस," असं म्हणत सर पळी बुडवत. सलीमवर त्यांचा फार जीव.

माझ्या दुसऱ्या वर्षी आंतरकॉलेज स्पर्धेत आम्ही फायनलला पोचलो आणि आदल्या दिवशीच्या सरावात सलीमचा गुडघा मुरगळला. छोट्या सरांनी आम्हा सगळ्यांसमोर बड्या सरांना सांगितलं, "सर, घुटना सूज गया है. लडका नहीं खेलेगा."

"इंजेक्शन दे देंगे," बडे सर म्हणाले. "कप सामने है."

सलीम खेळला. मध्यंतराच्या आधीच तो पडला, आणि त्या दिवशी पुन्हा आपल्या पायांवर उठला नाही. ऑपरेशन झालं, पण गुडघा कायमचा आखडला. त्याचे वडील जाब विचारायला कॉलेजात आले, तेव्हा बडे सर शांतपणे म्हणाले, "फिटनेस असिस्टंट बघतो. त्यानेच त्याला फिट ठरवलं."

खरं काय ते सांगायला आम्ही सगळी टीम प्राचार्यांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, आणि छोट्या सरांना काढून टाकलं.

जुन्या मालकाने ना-हरकत दिली नाही तर दोन वर्षं ओमानमध्ये दुसरी नोकरी धरता येत नसे, असा त्या काळचा नियम. कॉलेजने ती दिली नाही. मी विमानतळावर पोचवायला गेलो होतो. मला हुंदका आवरेना. छोटे सर मात्र कोरडे ठणठणीत. "रडायलायस काय? दोन वर्षं म्हंजे कायबी न्हाई. आमच्याकडं एका पेठंनं दुसऱ्या पेठंचा गोल बापापासून पोरापर्यंत ध्यानात ठेवलाय."

आणि खरोखरच दोन वर्षं भरताच ते परतले, मस्कतमधल्याच बौशर भागातल्या एका छोट्या कॉलेजात, पुन्हा असिस्टंट म्हणून. त्या कॉलेजने त्यांना हेड कोच व्हायचं विचारलं होतं. मी चिडून म्हटलं, "सर, नाही कशाला म्हणालात?"

"हेड झालो तर पाव्हण्यांत बसाय लागतंय. मला कडंला उभं राहायचंय. त्याच्या समोर."

माझ्या शेवटच्या वर्षी सेमीफायनलला त्यांची टीम आमच्यासमोर आली. आमची एकेक खोड त्यांना पाठ. डावीकडच्या खालच्या बॉलला मी उशिरा झेपावतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तिथूनच एकामागून एक गोल झाले. तिसऱ्याला ते पलीकडून ओरडले, "पुणेकर, डावीकडं अजून झोपतोसच!" मला संताप आला, आणि हसूही.

मग आमच्या स्ट्रायकरची मांडी धरली. तो कडेला विव्हळत पडला असताना बडे सर खुर्चीतून उठून आले आणि इंजेक्शन मागवू लागले. ते दिसताच छोटे सर पंचांना न विचारता सरळ मैदान ओलांडून आले आणि त्या पोराशेजारी उभे राहिले.

"अपनी टीम देखो," बडे सर खेकसले.

"देखता हूँ. पहले बोलो, इसको फिट किसने बोला?" छोट्या सरांचा आवाज पहिल्या रांगेत बसलेल्या आमच्या प्राचार्यांपर्यंत जात होता. "आज तो मैं आपका असिस्टंट नहीं हूँ. आज किसका नाम लोगे?"

छोट्या सरांनी सलीमला खास बोलावून आपल्या बाकावर बसवलं होतं. तो उठला आणि ताठ पाय ओढत, सावकाश, अख्खं मैदान पार करून त्यांच्याजवळ येऊन थांबला. प्राचार्य खुर्चीतून उठले. "हा मुलगा खेळणार नाही," ते म्हणाले, पण बघत होते बड्या सरांकडे.

आम्ही दणकून हरलो. वर्ष संपताना बड्या सरांचा करार वाढवला गेला नाही.

पण छोट्या सरांचाही नाही. भर मैदानात हेड कोचची अब्रू काढणारा असिस्टंट कुठल्या हेड कोचला हवा असतो? त्यांनी चार ठिकाणी विचारून पाहिलं. सगळीकडे 'इन्शाल्ला' मिळालं, नोकरी नाही. निघण्याआधी मी विचारलं, "सर, एवढं करून मिळालं काय? आता तरी शांत वाटतं का?"

"शांत कशाला वाटंल?" ते मनापासून हसले. "गोड लागलं, पुणेकर. लई गोड लागलं."

आता ते कोल्हापुरात पोरांना शिकवतात, तिथेही असिस्टंटच. मी ओमानमध्येच, दुक्म बंदरात नोकरीला लागलो. परवा त्यांचा फोन आला. पगार, लग्न, आईची तब्येत, सगळं मायेने विचारून झालं. मग म्हणाले, "बडा कुठं असतोय सध्या?"

"माहीत नाही, सर."

"शोधून ठेव," म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.