तिसऱ्या चाकाचा आवाज

टणमास्तरांच्या दुकानात आधी चाक टांगलं जायचं आणि मग गिऱ्हाइकाशी बोलणं व्हायचं. छतातून खाली आलेल्या साखळीला एक आकडा, आकड्याला टायर काढलेलं पोलादी चाक आणि मास्तरांच्या हातात लहानशी हातोडी. एकच टोला. आवाज घुमला आणि घुमत राहिला तर चाक चांगलं. फाटला किंवा लगेच मेला तर कुठेतरी चीर आहे. वाकलेली चाकं सरळ करणं हा त्यांचा अडतीस वर्षांचा धंदा, पण नाव झालं ते या टोल्यामुळे. त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं. ते कुणी वाचत नसे.

ही विद्या त्यांना वडिलांकडून मिळालेली. वडील रेल्वेत होते. गाडी फलाटाला लागली की लांब दांड्याची हातोडी घेऊन डब्याडब्याखाली चाकं ठोकत जायचे. मुलाने तीच रीत मोटारींना लावली. पास झालेल्या चाकावर, हवा भरायच्या भोकाशेजारी, मास्तर पिवळ्या रंगाचा ठिपका देत. जुन्या मोटारी हौसेने सांभाळणारे लोक त्या ठिपक्यासाठी लांबून येत. अलॉय चाकांबद्दल मास्तरांचं मत ठरलेलं होतं. "ते दागिने. मिरवायला ठीक. पोलाद खड्ड्यात गेलं तर वाकतं, मी सरळ करून देतो. अलॉय तडकतं. मग काय, ओवाळायचं त्याला?" हे भाषण प्रत्येक गिऱ्हाइकाला फुकट मिळे.

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास एक फिक्कट पिवळी, बसकी, चार दारांची मोटार दुकानात आली. वय चव्वेचाळीस. मालकीणबाई टेलिफोन एक्स्चेंजमधून ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेल्या, वय एकाहत्तर, गाडी अजून स्वतः चालवणाऱ्या. मागून दुसऱ्या गाडीतून त्यांचा भाचा आला. चाळिशीचा, घाईतला. त्याच्या डिकीत जुन्या चादरीत गुंडाळलेली चार नवी कोरी अलॉय चाकं होती.

भांडण घरूनच सुरू होऊन आलं होतं. पुढच्या आठवड्यात बाई आणि त्यांची धाकटी बहीण, म्हणजे या भाच्याची आई, याच गाडीने डोंगरातल्या रस्त्याने तीनशे किलोमीटर जाणार होत्या.

"मावशी, अगं पन्नाशीला टेकली ती चाकं!"

"मी सत्तरी ओलांडली. मलाही बदलतोस का?"

"शेजारी माझी आई बसणार आहे."

"माहितीये. तुझ्या आधीपासून ओळखते मी तिला."

मास्तर पाठमोरे, नट सोडवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"हे बघ," बाई म्हणाल्या, "गाडी जशी कारखान्यातून आली तशीच मला हवी. पण मी अडून बसणार नाही. मास्तर सांगतील ते. त्यांनी पास केली तर हीच जातील. नाही केली तर तुझी घालू. मग एक शब्द बोलणार नाही."

"कबूल," भाचा म्हणाला, आणि निकाल ठाऊक असल्यासारखा घड्याळ बघत भिंतीला टेकला.

मास्तरांनी चार चाकं उतरवली, टायर काढले. पहिलं टांगलं. टण. दुसरं. टण. तिसरं, चौथं. सगळ्याला मिळून दहा मिनिटं. मग ते पिवळ्या रंगाच्या डब्याकडे वळले.

"चारही ठणठणीत. न्या खुशाल."

भाच्याने सुस्कारा सोडला. बाई मात्र हसल्या नाहीत. त्या आकड्याजवळ गेल्या.

"मास्तर, तिसरं परत वाजवा."

"काय?"

"तिसरं. परत वाजवा."

"कशाला?"

"वेगळं वाजलं."

मास्तरांना ते लागलं. अडतीस वर्षांत दुकानात येऊन कुणी त्यांना असं सांगितलं नव्हतं. तरी त्यांनी तिसरं चाक टांगून टोला दिला. "हेच ना? रंग जाड आहे बाई त्याच्यावर. हल्लीच्या रंगाने आवाज बसतो."

"बसलेला नाही, खरखरतोय. एकतीस वर्षं मी एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून बसलेय. लाइन खराब असली की मला कळतं."

मास्तरांनी दुसरं चाक टांगलं, ठोकलं. तिसरं टांगलं, ठोकलं. पुन्हा दुसरं. त्यांच्या कानाला दोन्ही आवाज सारखे होते. दोन्ही थोडे बसलेले, हल्ली सगळीच चाकं वाजतात तसे. त्यांनी अजून जोरात ठोकलं.

"मलापण वेगळं वाटतंय," भाचा भिंतीवरून सरळ होत म्हणाला. आता तो घड्याळ बघत नव्हता.

दुकानामागेच घर. ठोकाठोकी ऐकून मास्तरांची बायको दारात आली होती. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं ते मदतीसाठीच.

"तू सांग गं. हे, आणि हे."

त्यांनी दोन्ही वाजवली. बायकोने तिसऱ्या चाकाकडे बोट केलं.

"अहो, ते फुटक्या मडक्यासारखं वाजतंय."

मास्तर थट्टा समजून हसले. मग तिघांचे चेहरे बघून त्यांचं हसू ओसरलं.

कानाचा निकाल मान्य नसेल तर डोळ्यांचा घ्यायचा, एवढं मास्तरांना कळत होतं. त्यांनी तिसरं चाक बाकावर आडवं घातलं. मधल्या तबकडीवरचा रंग खरवडून काढला, रॉकेलने पुसलं, कोरडं केलं आणि वर खडूची पूड भुरभुरली. कुठे चीर असेल तर आत शिरलेलं रॉकेल हळूहळू वर येतं आणि खडू भिजतो. चौघं बाकाभोवती उभी राहिली.

सहा-सात मिनिटांनी पांढऱ्यावर एक करडी रेघ उमटली. एका बोल्टच्या भोकापासून निघून शेजारच्या भोकाकडे गेलेली, केसाएवढी बारीक, बोटभर लांब.

"बाप रे," भाचा पुटपुटला. त्याच्या डोळ्यांसमोर काय आलं ते विचारायची गरज नव्हती. डोंगर, वळण आणि गाडीत दोघी बहिणी.

मास्तरांनी खडू पुसून भिंग लावलं. चिरेच्या कडा तपकिरी होत्या, गंजलेल्या. गंज काही आठवड्याभरात एवढा आत शिरत नाही. मग त्यांनी अंगठ्याने हवेच्या भोकाशेजारचा चिखल खरवडला. खाली पिवळा ठिपका निघाला. गेल्या वर्षीचा. त्यांच्याच हातचा.

मास्तर स्टुलावर बसले.

"कधीपासून?" त्यांनी बायकोला विचारलं.

"कानाचं म्हणताय?"

"आणि कशाचं?"

"दोन वर्षं तरी झाली असतील. दारावरची बेल ऐकू येत नाही तुम्हाला. टीव्ही एवढा मोठा लावता की पलीकडच्या घरातली माणसं बातम्या बघायची थांबलीयेत, भिंतीतून फुकट मिळतात म्हणून. मी सांगितलं तेव्हा म्हणालात, तूच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतेस."

हे खरं होतं. मास्तरांच्या मते गेली दोन वर्षं सगळं जगच तोंडातल्या तोंडात बोलू लागलं होतं. चाकंसुद्धा.

बाईंनी मऊपणे विचारलं, "स्टेपनीचं चाक आहे ना डिकीत? पाचवं. ते लावलं तर चार पोलादी होतात."

"होतात. पण ते चांगलं आहे की नाही हे मी आता कशावरून सांगू? आणि ही बाकीची तीन? ती पण मी कानानेच पास केलीत." मास्तर उठले. भाच्याकडे न बघता म्हणाले, "तुमची चाकं काढा. त्यांचे नट वेगळे लागतील, बसायचा उतार निराळा असतो. आणलेत?"

"आणलेत," भाचा म्हणाला. दागिन्यांवरून टोमणा मारायची याहून चांगली संधी त्याला पुन्हा मिळणार नव्हती. त्याने ती सोडून दिली.

मास्तरांनी नव्या अलॉयनाही रॉकेल आणि खडू लावून बघितलं. टायर चढवले. नट समोरासमोरचे घेत, मापाच्या पान्याने ठरलेल्या जोरापर्यंत कसले. हात नेहमीसारखेच चालत होते. फक्त मान पुन्हा पुन्हा भिंतीकडे वळत होती.

त्या भिंतीवर खडूने गाड्या आणि फोन नंबर लिहिलेले होते, हीच मास्तरांची वही. कुणाचं चाक तयार झालं की तिथून नंबर बघून कळवायचं. गेल्या दोन वर्षांतले सव्वीस होते. भाड्याची गाडी. एका डॉक्टरीणबाईंची जुनी गाडी. आणि खालून तिसरा, दोन आठवड्यांपूर्वीचा: शाळेची व्हॅन. चार चाकं. पास.

मास्तरांनी फोन उचलला आणि तसाच हातात धरला. पलीकडून कुणी काय बोलेल ते आपल्याला नीट कळेल का, याची त्यांना पहिल्यांदाच शंका आली. बाईंनी हात पुढे केला.

"आणा इकडे. माझा धंदाच होता तो. कुठला आधी?"

"व्हॅन."

बाईंनी नंबर फिरवला. वाजला, वाजला आणि बंद झाला. पुन्हा फिरवला. तिसऱ्यांदा ड्रायव्हरने उचलला. बाईंनी कोण, कुठून, कशासाठी ते चार वाक्यांत सांगितलं आणि फोनवर हात ठेवून मास्तरांकडे वळून प्रत्येक शब्द स्पष्ट उच्चारला. "गाडी शाळेबाहेर उभी आहे. मुलं साडेबाराला सुटतात. काढू नका म्हणून सांगितलंय."

"आलो म्हणावं."

भाच्याने न विचारता स्वतःच्या गाडीचं दार उघडलं. मास्तरांनी जॅक, पाना, रॉकेलची बाटली आणि खडू घेतला. हातोडी बाकावरच राहिली. मागे बाई दुसरा नंबर फिरवत होत्या आणि बायको भिंतीवरचे पुढचे वाचून दाखवत होती.

व्हॅन शाळेच्या कुंपणाला लागून उभी होती. ड्रायव्हर चाकाशीच उकिडवा बसला होता. उजवीकडची दोन्ही चाकं स्वच्छ निघाली. डावीकडचं पुढचंही. ड्रायव्हरचा चेहरा सैल पडला, त्याने विडी काढली. मागचं डावं उतरवून मास्तरांनी रस्त्यावरच आडवं घातलं. रंग खरवडला, पुसलं, खडू भुरभुरला. या वेळी सहा मिनिटं लागली नाहीत. दोन भोकांपासून दोन रेघा निघाल्या आणि मध्ये एकमेकींना मिळाल्या.

ड्रायव्हर विडी पेटवायची विसरला. बराच वेळ तो त्या रेघांकडे आणि शेजारच्या ताज्या पिवळ्या ठिपक्याकडे बघत राहिला.

"मास्तर, हे तुम्हीच पास केलं होतं ना?"

त्याचे ओठ बघून मास्तरांना प्रश्न कळला.

"हो. मीच."

तेवढ्यात ड्रायव्हर दचकून उठला आणि फाटकाकडे बघू लागला. भाच्यानेही मान वळवली. मास्तरांना कळेना दोघं काय बघतायत. मग फाटक उघडलं आणि मुलं धावत बाहेर आली, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की शाळेची घंटा झाली होती.